शरद, संमेलन आणि प्रेमाची कादंबरी

तासगावात शरद ऋतू कात्रीच्या आवाजावरून कळतो. पावसाचा जोर ओसरला की द्राक्षबागांत फळछाटणी सुरू होते. नाव ऑक्टोबर छाटणी, पण कुठे कुठे ती ऑगस्टअखेरीलाच सुरू होते आणि दसऱ्याच्या पुढेही चालते. छाटणीच्या टोळ्या भल्या पहाटे बागांकडे निघतात. गणपतीचा रथ ऋषिपंचमीला ओढून झालेला असतो. शाळेत सहामाही परीक्षेचे वेध लागलेले असतात. या दिवसांची आम्ही वर्षभर वाट पाहतो.

आम्ही म्हणजे उर्दू शाळेत शिकवणाऱ्या चौघी. वय तिशीतले, बी.एड. झालेल्या, घर-संसार असलेल्या. घरात दखनी बोलतो, वर्गात उर्दू शिकवतो, बाजारात, बँकेत आणि एसटीत मराठी बोलतो. तिन्ही भाषा आमच्याच आहेत, एकही परकी नाही. शरदाची वाट पाहण्याची आमची कारणे तीन. पहिले, पेपर तपासून झाले की मिळणारी सुट्टी. दुसरे, दिवाळी अंक आणि नव्या कादंबऱ्या. तिसरे, साहित्य संमेलनांचा हंगाम. शरदात त्याच्या बातम्या येऊ लागतात आणि संक्रांतीला औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन भरते. कवी सुधांशूंच्या गावचे हे संमेलन खेडेगावात भरते, नदीकाठी, आणि आमच्यासारख्यांना एसटीने जाऊन संध्याकाळी घरी परतता येते. बायकांना संमेलनाला जायचे तर शेवटची गाडी किती वाजता आहे, हा पहिला प्रश्न असतो. विषयपत्रिका आम्ही नंतर पाहतो.

तीन कारणांपैकी सुट्टीबद्दल कुणाची तक्रार नसते. संमेलनाबद्दलही फारशी नसते. "साहित्याचा कार्यक्रम आहे" म्हटले की घरचे मान डोलावतात. अडचण आहे ती कादंबरीची. त्यातही प्रेमाच्या कादंबरीची.

आम्ही चौघी दरवर्षी पैसे काढून दिवाळी अंक घेतो आणि आळीपाळीने वाचतो. मराठीतली ही चाल जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळाबरोबर वाचन आले. उर्दू मासिके आम्ही वेगळी मागवतो. 'पाकीज़ा आंचल', 'ख़ातून-ए-मशरिक़' यांवर आमच्या आया वाढल्या. उमेरा अहमदची 'पीर-ए-कामिल' २००४ साली आली. आमच्या हातातली तिची प्रत इतक्या घरांतून फिरली की शेवटी पाने सुटी झाली आणि आम्ही ती सुई-दोऱ्याने शिवली. फ़रहत इश्तियाक़च्या 'हमसफ़र'वरची मालिका २०१४ मध्ये 'ज़िंदगी' वाहिनीवर आपल्याकडे लागली, तेव्हा शेजारच्या मराठी वहिनीही आमच्या घरी येऊन बसायच्या. शब्द अडला की विचारायच्या, "खफा म्हणजे काय हो?" आम्ही सांगायचो, "रुसलेली." एवढ्याने काम भागायचे.

पण यातले एकही पुस्तक उघड्या मुखपृष्ठाने आमच्या शिक्षक खोलीत येत नाही. खाकी कव्हर घालून येते. वरून पाहणाऱ्याला वाटावे, वर्गशिक्षिकेची टाचणवही आहे.

गेल्या वर्षी नववीच्या एका मुलीच्या दप्तरात अशीच एक कादंबरी सापडली आणि शिक्षक खोलीत चर्चा झाली. वयाने मोठ्या असलेल्या एका आपा म्हणाल्या, "ये किताबां पढ़के लड़कियां बिगड़ती हैं." एक सर म्हणाले, "पुस्तकच वाचायचे तर चरित्र वाचावे, धार्मिक वाचावे. यात काय आहे?" आम्ही त्या मुलीला बोलावले. तिला रागावलो नाही. कादंबरी आवडली का, एवढेच विचारले. ती आधी घाबरली. मग धीर करून तिने उलटा प्रश्न केला, "आपा, मराठी किताबां में अपने जैसे घरां कैकू नै रहते?"

म्हणजे मराठी पुस्तकांत आपल्यासारखी घरे का नसतात? या प्रश्नाने आम्हां चौघींची झोप उडवली. हा लेख त्या प्रश्नापायी लिहिला आहे.

आधी बिघडण्याचे पाहू. हा आरोप नवा नाही. उर्दूतले पहिले कादंबरीकार म्हणून डेप्युटी नज़ीर अहमद यांचे नाव घेतात. त्यांची 'मिरात-उल-उरूस' १८६९ साली आली. तिच्यामागून आलेल्या 'तौबत-उन-नसूह'मध्ये नसूह नावाचा बाप आपल्या मोठ्या मुलाची, कलीमची, पुस्तके जाळतो. मुलगा बिघडला तो पुस्तकांनी, असे त्याचे मत. गंमत अशी की पुस्तके जाळण्याची ही गोष्ट नज़ीर अहमद यांना कादंबरीच लिहून सांगावी लागली. माणसाच्या मनापर्यंत जायचे तर गोष्टीइतकी सोपी वाट दुसरी नाही, हे त्यांनाही माहीत होते.

मराठीतही असेच घडले, आणि तेही दिवाळी अंकावरूनच. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्यांनी मराठी वाचनालयांची कपाटे एके काळी भरलेली असत. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची 'शामा' ही कथा आली आणि ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने काकोडकरांच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा आशय असा, की तरुण मुलांनी अशी वर्णने वाचली एवढ्याच कारणाने ती बिघडतील असे खात्रीने म्हणता येत नाही. शिक्षक खोलीत जो प्रश्न आम्ही आजही घासतो, त्याचे उत्तर देशाच्या मोठ्या न्यायालयाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. त्याच १९६९ मध्ये काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरचा 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला आणि घराघरांतली माणसे तो पाहून रडली. ती बिघडल्याचे कुणी म्हटले नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्यासारखी घरे.

वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले, म्हणजे ते आमच्या जिल्ह्याचे. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे मास्तरकी करत त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. 'ययाति'ला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. ना. सी. फडक्यांनी कोल्हापुरात प्राध्यापकी करत दोन पिढ्यांना प्रेमात पडायला शिकवले. ही पुस्तके आम्ही वाचली, आवडीने वाचली. पण त्यांतल्या नायिकेच्या घरात देवघर असते, ओटी असते, हळदीकुंकू असते. आमच्या घरातली नमाजाची चटई, ईदच्या आदल्या रात्री हातावर रंगणारी मेंदी, शीरखुर्म्यासाठी रात्रभर भिजणारे बदाम-पिस्ते, दारात उभे राहून सलाम करणारा दूरचा भाऊ हे सगळे तिथे नाही. ते असावे अशी अपेक्षा खांडेकर-फडक्यांकडून का करावी? त्यांनी आपले घर लिहिले. आमचे घर आम्ही लिहायचे.

आमच्या लेखकांनी लिहिले नाही असेही नाही. मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन १९९० साली सोलापुरात भरले. फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यू. म. पठाणांकडे होते. एकाच वर्षी या दोन गोष्टी घडल्या. आमच्यातल्या काही जणी तेव्हा शाळेतही जात नव्हत्या, काही जन्मल्याही नव्हत्या. पण मराठी आमची आहे हे म्हणण्याचा आत्मविश्वास आम्हांला त्या वर्षाने दिला. हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ ची. तिच्यात कोकणातले मुस्लिम गाव आले, त्यातले ताणतणाव आले. पुढच्या लेखकांनी दंगल लिहिली, गरिबी लिहिली, तलाक लिहिला, मोहल्ला लिहिला, संशयाची नजर लिहिली. हे लिहिणे गरजेचे होते. ज्याच्या पायात काटा आहे तो आधी काट्याबद्दलच बोलणार.

पण आम्ही ज्या ज्या संमेलनांना गेलो, तिथल्या परिसंवादांचे विषय आठवून पाहतो तेव्हा एक गोष्ट जाणवते. 'मुस्लिम समाजापुढील आव्हाने', 'मुस्लिम स्त्रियांचे प्रश्न', 'शिक्षणाची स्थिती' असे विषय असतात. जणू मुस्लिम बाई म्हणजे एक प्रश्न आहे आणि तिला उत्तर तेवढे हवे आहे. ती कुणावर जीव लावते, कुणाची वाट पाहते, तिच्या नवऱ्याशी तिचे गुळपीठ कसे आहे, कॉलेजच्या एसटीत खिडकीशी बसून ती काय गुणगुणते, याला व्यासपीठावर जागा नाही. कविसंमेलनात गझल येते, तीत इश्क येतो, टाळ्याही येतात. तो इश्क मात्र घर नसलेला असतो. त्याला गल्ली नंबर नसतो, रेशन कार्ड नसते.

खरे तर प्रेमाची गोष्ट सांगण्यात आमची भाषा मागे नव्हती. इथून जतवरून पुढे गेले की विजापूर. तिथल्या आदिलशाही दरबारात नुसरतीने १६५७ च्या सुमारास 'गुलशन-ए-इश्क़' लिहिली. भाषा दखनी, म्हणजे आज आमच्या चुलीपाशी बोलली जाते तिचीच आजी. गोष्ट मनोहर आणि मदमालती यांच्या प्रेमाची, जी मंझनने १५४५ साली अवधीत 'मधुमालती' म्हणून सांगितली होती. त्या दखनी काव्याची १७४३ ची एक सचित्र प्रत आज अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात जपून ठेवली आहे. विजापूरच्याच मुकीमीने 'चंदरबदन व महियार' ही मुसलमान व्यापारी आणि हिंदू राजकन्या यांची प्रेमकथा लिहिली. इकडे मराठीत पेशवाईच्या काळात सगनभाऊंनी शृंगाराच्या लावण्या रचल्या. तेही मुसलमान, धंद्याने शिकलगार, हत्यारांना धार लावणारे.

आज असे काही लिहायचे म्हटले तर नायक-नायिकेची नावे आधी मोजली जातात. कोण कुठल्या धर्माचा, याचा हिशेब होतो आणि मग गोष्ट वाचली जाते. या भीतीने कितीतरी गोष्टी वहीतच राहिल्या असतील. बाहेरून संशय आणि घरातून दटावणी, अशा दोन भिंतींच्या मध्ये आमची प्रेमकथा उभी आहे. म्हणूनच आम्हांला वाटते, सुरुवात घरापासून करावी. एकाच गल्लीतल्या, एकाच जमातीतल्या दोन माणसांचे प्रेमसुद्धा मराठीत अजून पुरेसे लिहिलेले नाही. तेवढे लिहायला कुणाची परवानगी लागू नये.

कुणी म्हणेल, हा रिकामपणाचा विषय आहे. मुली दहावीनंतर शाळा सोडतात, नोकऱ्या नाहीत, आणि तुम्हांला प्रेमाच्या कादंबऱ्या सुचतात? त्यांच्यासाठी एक प्रसंग सांगतो.

आमची एक जुनी विद्यार्थिनी बेदाण्याच्या शेडवर कामाला जाते. तासगावचा बेदाणा देशभर जातो. तो रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे निवडायला बायका दिवसभर बसतात. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा वेगळा. हात चालू असतात, कान मोकळे असतात. या मुली मोबाइलवर उर्दू कादंबऱ्या ऐकतात. कुणीतरी बाई पलीकडे अख्खी कादंबरी वाचत असते आणि इकडे दहा-बारा जणी एका फोनभोवती बेदाणे निवडत ती ऐकत असतात. मध्येच मराठी मुली म्हणतात, "अगं, मराठीत सांग की!" मग आमची विद्यार्थिनी थांबून थांबून मराठीत सांगते. न छापलेली, न लिहिलेली मुस्लिम मराठी प्रेमकादंबरी तिथे रोज थोडी थोडी तयार होते आणि संध्याकाळी झाडून टाकली जाते.

तिचे लग्न ठरायच्या वेळी ती आमच्याकडे आली होती. स्थळ चांगले होते, घरचे खुश होते. ती म्हणाली, "आपा, निकाह के वक़्त पूछते ना, कुबूल है क्या? तब बोलने से पहले मेरेकू कुछ पूछना है." तिला मुलाशी एकदा बोलायचे होते. तो पुढे शिकू देईल का, त्याला काय आवडते, रागावला की काय करतो, इतकेच विचारायचे होते. शरीअतने मुलीची संमती मागितली आहे. पण संमती द्यायची तर आपल्या मनात काय आहे हे सांगणारे शब्द हवेत. ते शब्द ना पाठ्यपुस्तक शिकवते, ना आई सांगते, ना परिसंवाद. तिला ते कादंबऱ्यांनी दिले होते. आम्ही तिच्या वडिलांशी बोललो. ते आधी गप्प राहिले, मग म्हणाले, "बोलू दे. आम्ही कुठे बोललो होतो? बोलायला पाहिजे होते." दोन्ही घरची माणसे बसली, मुलगा-मुलगी अंगणात अर्धा तास बोलली. निकाह झाला. ती आता बाहेरून बी.ए. करते आहे.

कादंबरीने तिला बिघडवले की घडवले, हे वाचकांनी ठरवावे. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की प्रेमाची भाषा ही चैनीची वस्तू नाही. ज्या मुलीला "मला हे आवडते" म्हणता येते, तिलाच "मला हे चालणार नाही" असेही म्हणता येते. मुस्लिम स्त्रियांच्या प्रश्नांवरच्या परिसंवादात जे उत्तर शोधले जाते, त्याची एक वाट इथूनही जाते.

द्राक्षवाल्या गावात राहतो म्हणून आम्हांला एक गोष्ट ठाऊक आहे. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलची खरडछाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची छाटणी फळासाठी. पहिली नीट झाली नाही तर दुसरीला अर्थ नाही. पण पहिलीच करत राहिले तर घड कधी लागायचा? १९९० पासूनच्या चळवळीने आमची काडी तयार केली. प्रश्न मांडले, भाषा कमावली, व्यासपीठ मिळवले. आता फळछाटणीची वेळ आली आहे असे आम्हांला वाटते.

चिन्हे वाईट नाहीत. मलिका अमर शेख यांनी १९७९ सालीच 'वाळूचा प्रियकर' हे नाव आपल्या कवितासंग्रहाला देण्याचे धाडस केले होते. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक ताराबाई भवाळकर आमच्या सांगलीच्या. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीला भरलेल्या ९८ व्या संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. या मानाच्या त्या सहाव्या स्त्री मानकरी. बायकांच्या ओव्यांत, गाण्यांत बायकांचे मन शोधत त्यांनी आयुष्य घालवले. ९९ वे संमेलन साताऱ्याला ठरले आणि अध्यक्ष म्हणून विश्वास पाटलांची निवड झाली. 'पानिपत' लिहिणाऱ्या या लेखकाने 'चंद्रमुखी'ही लिहिली आहे, आणि ती प्रेमाची कादंबरी आहे. त्यामुळे कुणी त्यांना कमी लेखले नाही. साताऱ्याच्याच जिल्ह्यात भिलारला २०१७ पासून पुस्तकांचे गाव आहे, घराघरांत कपाटे आहेत. आणि 'प्रतिलिपी'सारख्या ठिकाणी मोबाइलवर मराठी प्रेमकथा क्रमशः येतात. आमच्या ओळखीच्या दोन मुली तिथे टोपणनावाने लिहितात. टोपणनाव का, असे आम्ही विचारले नाही. खाकी कव्हर आम्हांलाही माहीत आहे.

आम्हांला हवी आहे ती कादंबरी फार मोठी नको. तिच्यात तासगावची एसटी असावी, सांगलीचे कॉलेज असावे. नायक औषध फवारणीचे पंप दुरुस्त करणारा असला तरी चालेल. नायिकेने उर्दू शाळेतून बाहेर पडून मराठी कॉलेजात पहिल्या दिवशी गप्प बसावे आणि तिसऱ्या महिन्यात वादविवादात बक्षीस घ्यावे. घरात दखनीत भांडण व्हावे आणि बाजारात मराठीत समेट. दंगल नसली तरी चालेल. असलीच तर ती दोघांच्या मध्ये येऊन गोष्ट गिळणारी नको. शेवट गोड असावा. दुःखी शेवटाची आम्हांला सवय आहे, गोड शेवटाची करून घ्यायची आहे. आणि मुखपृष्ठ असे असावे की ते झाकावेसे वाटू नये.

संमेलन भरवणाऱ्या मंडळींना, विशेषतः या अंकाच्या वाचकांत जे आहेत त्यांना, आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी विषयपत्रिका काढाल तेव्हा एक परिसंवाद 'मुस्लिम मराठी कादंबरीतील प्रेम' असा ठेवा. वक्ते मिळाले नाहीत तर बेदाण्याच्या शेडवरून आणून देण्याची जबाबदारी आमची. परिसंवाद दुपारी ठेवा, संध्याकाळच्या शेवटच्या सत्रात नको. आम्हां चौघींना शेवटची एसटी गाठायची असते. आणि पुस्तकांच्या दालनात नवी प्रेमकादंबरी आली असेल तर चार प्रती बाजूला ठेवा. यंदा आम्ही एकीत चौघी वाचणार नाही, प्रत्येकीची वेगळी घेणार आहोत.